अ‍ॅपच्या आधीचे ‘पार्टनर’: कोल्हापूरची ट्रक कंपनी, १९६७ चा निकाल आणि आजचे गिग वर्कर



२१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने चार कामगार संहिता लागू केल्या. रील्समध्ये किंवा बातम्यांमध्ये तुम्ही याबद्दल ऐकलं असेल, तर बहुतेक एकच मुद्दा ऐकला असेल: फूड डिलिव्हरी करणारे, कॅब चालवणारे, अ‍ॅपवरून सामान पोचवणारे, म्हणजे ज्यांना आपण गिग वर्कर म्हणतो, ते आता केंद्राच्या कायद्यात आले.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट झाली. १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा रद्द झाला. बस आणि ट्रकवरच्या ड्रायव्हर-क्लीनरांचे कामाचे तास, विश्रांती, सुट्ट्या ठरवणारा हा कायदा होता. माझ्या फीडमध्ये तरी याची बातमी कुठे दिसली नाही.

एक कायदा आला, एक गेला. दोन्हींच्या मागे प्रश्न मात्र एकच आहे: गाडी चालवणारा माणूस कंपनीचा नोकर आहे की स्वतःचा मालक? आणि हा प्रश्न अ‍ॅपमुळे सुरू झालेला नाही. स्मार्टफोन तर सोडाच, घरात साधा फोन असणं ही मोठी गोष्ट होती, त्या काळात कोल्हापूरच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या निमित्ताने तो थेट सुप्रीम कोर्टात गेला होता. कंपनीचं नाव घाटगे-पाटील ट्रान्सपोर्ट्स.

आज आपण त्या कंपनीची गोष्ट बघू, तेव्हा काय ठरलं ते समजून घेऊ आणि मग तुमच्या-माझ्या फोनमधल्या अ‍ॅपकडे येऊ.

मुळशीत बसून हे का लिहितोय?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि हिंजवडीत काम करतो. बाहेरच्या लोकांना हिंजवडी म्हणजे पुणेच वाटतं, पण हिंजवडी, माण, म्हाळुंगे ही सगळी गावं मुळशी तालुक्यात येतात. तालुक्याचं ठिकाण पौड. एका बाजूला आयटी पार्क, दुसऱ्या बाजूला पिरंगुटचे कारखाने आणि कडेने गेलेला मुंबई-बंगळूर हायवे. हाच रस्ता पुढे साताऱ्यावरून कोल्हापूरला जातो.

म्हणजे इथे दोन्ही जगं एकाच सिग्नलला उभी दिसतात. ताडपत्री बांधलेला, पार्सलांनी भरलेला जुन्या पद्धतीचा ट्रक आणि त्याच्या शेजारी डॅशबोर्डवर मोबाईल लावलेला छोटा हत्ती. पहिल्याचं काम गोडाऊनमधला मॅनेजर ठरवतो, दुसऱ्याचं सर्व्हर. तो सर्व्हर चालवणारा कोड लिहिणारे आमच्यासारखे लोक रस्त्याच्या पलीकडच्या काचेच्या बिल्डिंगमध्ये बसलेले असतात. त्यामुळे हा विषय मला लांबचा वाटत नाही.

ट्रान्सपोर्ट कंपनी नेमकं करते काय?

ज्यांनी कधी ट्रान्सपोर्टने सामान पाठवलं नाही, त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो.

समजा इचलकरंजीच्या एका व्यापाऱ्याला कापडाच्या चार गाठी मुंबईला पाठवायच्या आहेत. चार गाठींसाठी अख्खा ट्रक कुणी करत नाही. मग तो ट्रान्सपोर्टच्या बुकिंग ऑफिसला जातो. तिथे वजन होतं, भाडं ठरतं आणि एक पावती फाडली जाते. तिला बिल्टी म्हणतात, किंवा लॉरी रिसीट, बोलताना नुसतं ‘एलआर’. ही बिल्टी म्हणजे तुमच्या ऑनलाइन ऑर्डरचा ऑर्डर आयडी. माल कुणाचा, कुणाला द्यायचा, भाडं आधी भरलंय की पोचल्यावर घ्यायचं, सगळं त्या कागदावर. अशा पन्नास लोकांची पार्सलं एका ट्रकमध्ये भरायची, हमालांनी रचायची, रात्री ट्रक सोडायचा आणि पलीकडच्या गोडाऊनमध्ये उतरवून ज्याची त्याला द्यायची.

आज कुरिअर कंपन्या आणि ई-कॉमर्सवाले जे करतात, त्याचा सांगाडा हाच आहे. स्कॅनर आणि ट्रॅकिंग नंतर आलं.

कोल्हापूर भागात हा धंदा वाढायला एक भक्कम कारण होतं. रेल्वे होती, पण पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत मीटरगेज होता, आणि मुंबई-पुणे मार्ग ब्रॉडगेज. दोन रुळांमधलं अंतरच वेगळं, त्यामुळे कोल्हापूरची वाघीण मुंबईला थेट जाऊ शकत नव्हती. माल वाटेत एका गाडीतून उतरवून दुसऱ्या गाडीत चढवावा लागायचा. त्यात वेळ जायचा आणि मोडतोड व्हायची ती वेगळीच. ट्रक मात्र एका दारातून निघून दुसऱ्या दारात जायचा. गूळ, कापड, उद्यमनगरातले मशीनचे सुटे भाग असा भरपूर माल होता आणि तो वेळेत मुंबई-पुण्याला पोचवणारा कुणीतरी हवा होता.

घाटगे-पाटील ही त्यातली मोठी कंपनी. याच नावाच्या उद्योगसमूहाची पुढे उचगावला फाउंड्रीही उभी राहिली. आज तिशी-चाळिशीत असलेल्या कोल्हापूर-सांगलीकडच्या कुणालाही विचारा, ‘घाटगे-पाटील’ म्हटलं की आधी ट्रक आठवतो.

१९६१ चा कायदा काय म्हणत होता?

१९६१ मध्ये संसदेने मोटार परिवहन कामगार कायदा केला. पाच किंवा त्यापेक्षा जास्त कामगार असलेल्या वाहतूक व्यवसायाला तो लागू होता, मग प्रवासी असोत की माल. त्यातल्या मुख्य गोष्टी अशा:

- दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास काम. लांबच्या मार्गांवर ठराविक अटींवर दिवसाला १० आणि आठवड्याला ५४ तासांपर्यंत मुभा.
- सलग पाच तासांच्या आत किमान अर्धा तास विश्रांती.
- आठवड्याची सुट्टी आणि वर्षाची पगारी रजा.

यात मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे ‘कामाचे तास’ या शब्दाची व्याख्या. गाडी चालवण्याचा वेळ तर धरलाच, शिवाय गाडीशी संबंधित बाकीची कामं धरली, आणि गाडीच्या अड्ड्यावर पंधरा मिनिटांपेक्षा कमी काळ नुसतं थांबावं लागलं तर तो वेळही कामातच धरला. म्हणजे कायदा करणाऱ्यांना थांबण्याचं मोल कळलं होतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता हे नियम कोल्हापूर-मुंबई रस्त्यावर लावून बघा. अंतर पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास. वाटेत खंबाटकी, कात्रज, खंडाळा असे तीन घाट. तेव्हाचे ट्रक, तेव्हाचा एकेरी रस्ता. आठ तासांत हा प्रवास होणं कठीण. नियम पाळायचे तर मध्ये ड्रायव्हर बदलायला हवा, म्हणजे जास्त माणसं, जास्त पगार, वाटेत मुक्कामाची सोय. कंपनीने हा हिशोब केला आणि वेगळाच रस्ता काढला.

नोकरी सोडा, ट्रक घ्या

कंपनीने करार पद्धत आणली. जे ड्रायव्हर नोकरीत होते त्यांनी राजीनामे दिले आणि कंपनीने आपलेच ट्रक ठराविक दराने त्याच माणसांना चालवायला दिले. ट्रक तोच, रस्ता तोच, माल तोच, स्टिअरिंगवरचा माणूसही तोच. बदललं ते फक्त नातं. काल तो कंपनीचा कामगार होता, आज स्वतंत्र कंत्राटदार. आणि कंत्राटदाराला कामगार कायद्याचे तास लागू होत नाहीत.

युनियनने याला आव्हान दिलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं: कायदा चुकवण्यासाठी केलेली ही युक्ती आहे. प्रकरण औद्योगिक न्यायाधिकरणात गेलं आणि तिथून सुप्रीम कोर्टात. १९६७ मध्ये निकाल लागला. कंपनी जिंकली.

कायद्यातल्या काही तरतुदी पाळणं जमत नाही म्हणून ही पद्धत आणली, हे कंपनीने लपवलं नव्हतं. तरीही कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं होतं: एखादा नियम पाळायला रास्त मार्गच नसेल, तर तो नियम आपल्याला लागू होणार नाही अशा रीतीने धंद्याची मांडणी करायला माणूस मोकळा आहे. अट एवढीच, की तसं करताना तो किंवा दुसरा कुठलाही कायदा मोडता कामा नये. ड्रायव्हरांवर जबरदस्ती झाल्याचं आढळलं नव्हतं आणि जुन्या अटींवर परत यायचं असेल तर घ्यायला तयार आहोत, असं कंपनीने सांगितलं होतं.

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. त्या ड्रायव्हरांसाठी परतीचं दार उघडं होतं, निदान कागदावर तरी. ‘कंत्राटदार व्हा नाहीतर घरी बसा’ अशी ती निवड नव्हती.

आता अ‍ॅप उघडा

आज तुम्ही फोनवरून टेम्पो बुक करता तेव्हा आत काय होतं? वेगवेगळ्या कंपन्यांचे तपशील वेगळे असतात, पण साधारण रचना अशी असते.

तुम्ही पत्ता टाकला की सर्व्हर आसपासच्या ऑनलाइन ड्रायव्हरांची यादी काढतो. प्रत्येकाला एक स्कोअर मिळतो: किती लांब आहे, पोचायला किती वेळ लागेल, रेटिंग किती, याआधी किती ट्रिप नाकारल्या. मग वरच्या एकाला किंवा काही जणांना नोटिफिकेशन जातं आणि काही सेकंदांचा टाइमर सुरू होतो. स्वीकारलं तर ट्रिप त्याची, नाहीतर पुढच्याला. भाडं मागणीनुसार वर-खाली होतं आणि त्यातला कंपनीचा वाटा आधीच कापला जातो.

तांत्रिक दृष्टीने बघितलं तर हे सुंदर काम आहे. कॉलेजात शिकलेले ग्राफ, शॉर्टेस्ट पाथ, मॅचिंग, सगळं इथे जिवंत दिसतं. पण आता कोल्हापूरचा करार शेजारी ठेवून बघूया.

ट्रक कुणाचा? कोल्हापुरात ट्रक कंपनीचा होता. आज गाडी ‘पार्टनर’ची असते. कर्ज त्याचं, इन्शुरन्स त्याचा, टायर पंक्चर झाला तर खर्च त्याचा. म्हणजे आजचा पार्टनर तेव्हाच्या कंत्राटदारापेक्षा जास्त जोखीम उचलतो.

दर कोण ठरवतो? तेव्हा दर ठराविक होता, करारात लिहिलेला. आवडला नाही तरी निदान माहीत होता. आज प्रत्येक ट्रिपचा दर वेगळा आणि तो का वेगळा हे ड्रायव्हरला दिसत नाही.

थांबण्याचा वेळ कुणाचा? १९६१ च्या कायद्याने अड्ड्यावरची छोटी थांबणूकही कामात धरली होती. आज दोन ट्रिपच्या मधला वेळ कुठल्याच खात्यात जमा होत नाही.

भांडायचं कुणाशी? कोल्हापूरच्या ड्रायव्हरांची युनियन होती. सगळे एकाच गोडाऊनला यायचे, एकमेकांना ओळखायचे. आज एकाच चौकात उभे असलेले पाच पार्टनर एकमेकांचे स्पर्धक असतात आणि आयडी ब्लॉक झाला तर समोर चॅटबॉट असतो.

गेल्या वर्षी मी वाकडहून माणला घर हलवलं, तेव्हा आलेला टेम्पोवाला पिरंगुटच्या पुढच्या गावातला होता. नव्या सोसायटीच्या गेटवर एंट्री मंजूर व्हायला चाळीस मिनिटं गेली. मी म्हटलं, “मामा, तुमचा फार वेळ गेला.” ते हसले. म्हणाले, “गाडी माझी, हप्ता माझा, डिझेल माझं. पार्टनर म्हणत्यात खरं, पण भाडं किती ते मला कुणी इचारत न्हाई. आन् थांबलेलं तर धरतच न्हाईत.”

माझ्या डोक्यात लगेच आलं की सिस्टिमला तो वेळ माहीत होता. जीपीएस दर काही सेकंदांनी लोकेशन पाठवत असतो. गाडी गेटवर किती मिनिटं उभी होती हे डेटाबेसमध्ये नक्की असणार. म्हणजे थांबलेला वेळ मोजता येत नाही असं नाही. तो मोजलेला असतोच, हिशोबात धरायचा की नाही एवढंच कुणीतरी ठरवलेलं असतं. १९६१ मध्ये हे मोजायला वही आणि घड्याळ लागायचं, आज एका ओळीची क्वेरी पुरते.

लंडनमध्ये वेगळं का ठरलं?

१९ फेब्रुवारी २०२१ रोजी ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने उबरच्या खटल्यात ड्रायव्हरांच्या बाजूने निकाल दिला. उबरचं म्हणणं होतं की आम्ही फक्त तंत्रज्ञान देतो, ड्रायव्हर स्वतंत्र व्यावसायिक आहेत. कोर्टाने करारातल्या शब्दांवर न थांबता प्रत्यक्ष काय चालतं ते बघितलं. भाडं उबर ठरवते. अटी उबर ठरवते. ट्रिप जास्त नाकारल्या तर परिणाम भोगावे लागतात. रेटिंगवरून बाहेर काढलं जातं. ग्राहकाशी थेट संबंध ठेवता येत नाही. मग तो स्वतंत्र कसा? कोर्टाने त्यांना ‘वर्कर’ मानलं, म्हणजे पूर्ण नोकर आणि पूर्ण स्वतंत्र यांच्या मधला दर्जा. त्यामुळे किमान वेतन आणि पगारी रजा मिळाली. शिवाय, आपल्या भागात अ‍ॅप चालू ठेवून ट्रिप घ्यायला तयार असलेला वेळही काम म्हणून धरला गेला.

बघा, आपल्या १९६१ च्या कायद्यातलं ‘थांबणं हेही काम’ हे तत्त्व साठ वर्षांनी लंडनमध्ये वेगळ्या रूपात परत आलं. आणि आपल्याकडचा तो कायदा चार वर्षांनी गेला.

मग आपला नवा कायदा काय देतो?

सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये ‘गिग वर्कर’, ‘प्लॅटफॉर्म वर्कर’ आणि ‘अ‍ॅग्रिगेटर’ या शब्दांच्या व्याख्या आहेत. अ‍ॅग्रिगेटरच्या यादीत कॅब, फूड आणि किराणा डिलिव्हरीबरोबर लॉजिस्टिक्स सेवाही आहेत. म्हणजे टेम्पो बुक करायचं अ‍ॅपही त्यात आलं.

मुख्य तरतूद अशी: कंपनीने आपल्या वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम सामाजिक सुरक्षा निधीत द्यायची. पण त्याला मर्यादा आहे. ही रक्कम कंपनी अशा कामगारांना जेवढे पैसे देते त्याच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावी.

उदाहरणाने बघू. समजा एका कंपनीची उलाढाल १,००० कोटी आहे आणि ती ड्रायव्हरांना वर्षाला २०० कोटी देते. उलाढालीचे २ टक्के होतात २० कोटी. पण २०० कोटींचे ५ टक्के होतात १० कोटी. म्हणजे कंपनीला द्यावे लागतील जास्तीत जास्त १० कोटी. या निधीतून अपघात विमा, आरोग्य, मातृत्व लाभ, वृद्धापकाळ अशा योजना चालवता येतात.

लाभ कुणाला? केंद्राने मांडलेल्या मसुदा नियमांनुसार आर्थिक वर्षात एका कंपनीसाठी किमान ९० दिवस किंवा एकापेक्षा जास्त कंपन्या मिळून १२० दिवस काम केलेलं असावं.

हे चांगलं पाऊल आहे का? आहे. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशात २०२०-२१ मध्ये ७७ लाख गिग वर्कर होते आणि २०२९-३० पर्यंत ते २.३५ कोटी होतील असा अंदाज आहे. एवढ्या लोकांना काहीच नसण्यापेक्षा विमा असणं केव्हाही बरं.

पण या संहितेने जे दिलं नाही तेही बघा. कामाचे तास नाहीत. किमान भाडं नाही. थांबण्याचे पैसे नाहीत. कारण या संहितेतली गिग वर्करची व्याख्याच ‘पारंपरिक मालक-नोकर नात्याच्या बाहेर काम करणारा’ अशी आहे. कोल्हापूरच्या ड्रायव्हरांना कराराने ज्या बाजूला नेऊन ठेवलं होतं, ती बाजू आता कायद्यात अधिकृतपणे आखली गेली आणि तिथल्या लोकांसाठी एक निधी ठेवला गेला.

काही राज्यं पुढे गेली आहेत. राजस्थानने २०२३ मध्ये गिग वर्करांसाठी स्वतंत्र कायदा केला, तो देशातला पहिला. कर्नाटकच्या २०२५ च्या कायद्यात आमच्यासारख्या कोड लिहिणाऱ्यांच्या कामाची गोष्ट आहे: अ‍ॅपची स्वयंचलित यंत्रणा काम कसं वाटते, पैसे आणि रेटिंग कसं ठरवते, याची माहिती कामगाराला द्यावी लागेल. कामावरून काढायचं तर १४ दिवस आधी लेखी कारण द्यावं लागेल.

महाराष्ट्राकडे स्वतःचं उत्तर आहे

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. घाटगे-पाटील निकालानंतर दोनच वर्षांनी, १९६९ मध्ये, महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. त्याच ट्रकमध्ये पार्सलं चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या हमालांसाठी.

हमालाचीही अडचण अगदी गिग वर्करसारखीच होती. सकाळी एका व्यापाऱ्याच्या दारात, दुपारी दुसऱ्याच्या. मालक एक नाहीच, मग पीएफ कोण भरणार? मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडींची संघटना बांधली, पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभी केली आणि अशा चळवळींच्या रेट्याने नवी रचना आली.

रचना अशी: एक मंडळ. त्याच्याकडे हमालांची नोंद आणि माल उतरवून घेणाऱ्या मालकांचीही नोंद. मालक मजुरी मंडळाकडे भरतो आणि वर ठराविक टक्के लेव्ही देतो. मंडळ हमालाला मजुरी देतं आणि लेव्हीतून पीएफ, ग्रॅच्युइटी, औषधपाणी, सुट्ट्या यांची सोय करतं. मालक कितीही बदलले तरी माणसाचं खातं एकच राहतं.

इंजिनिअरच्या भाषेत सांगायचं तर मंडळ म्हणजे मधला एक सर्व्हर. ‘हा नक्की कुणाचा नोकर?’ हा प्रश्न न सोडवताही त्याचे हक्क जपता येतात, हे महाराष्ट्राने कॉम्प्युटरशिवाय, कागदी रजिस्टरवर करून दाखवलं. आज तर प्रत्येक ट्रिपची डिजिटल नोंद आहे, पैसे यूपीआयने जातात. हे काम तेव्हापेक्षा कितीतरी सोपं आहे.

माथाडी व्यवस्थेत दोष नाहीत असं नाही. माथाडीच्या नावाखाली कारखान्यांकडून खंडणी उकळल्याच्या तक्रारी पुणे जिल्ह्याच्या औद्योगिक पट्ट्यात वर्षानुवर्षं होत आल्या आहेत. पण ही गडबड नोंदणी आणि देखरेख ढिली असल्याने होते, आणि नोंदणी पक्की करणं हेच तर सॉफ्टवेअरला उत्तम जमतं.

तुम्ही काय करू शकता?

तुम्ही स्वतः किंवा घरातलं कुणी अ‍ॅपवर काम करत असेल तर:

१. ई-श्रम पोर्टलवर प्लॅटफॉर्म वर्कर म्हणून नोंदणी करा. आधार लागतं, नोंदणी झाली की १२ अंकी यूएएन नंबर मिळतो. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अशा कामगारांना ओळखपत्र आणि आयुष्मान भारतचं आरोग्य कवच देण्याची घोषणा झाली होती, त्याची वाट या नोंदणीतूनच जाते.

२. कामाच्या दिवसांचा पुरावा ठेवा. महिन्यातून एकदा कमाईच्या पानाचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. आयडी बंद झाला तर अ‍ॅपमधली हिस्टरीही हातातून जाऊ शकते आणि ९० की १२० दिवसांचा हिशोब तुम्हालाच द्यावा लागू शकतो.

३. अटींमध्ये बदल झाल्याचं नोटिफिकेशन आलं की ‘अ‍ॅक्सेप्ट’ दाबण्याआधी कमिशन, इन्शुरन्स आणि आयडी बंद करण्याचे नियम एवढे तीन भाग तरी वाचा. इंग्रजी जड जात असेल तर ट्रान्सलेट अ‍ॅपमध्ये टाका.

आणि तुम्ही माझ्यासारखे कोडवाले असाल, तर पुढच्या वेळी स्कोअरिंगचा नियम लिहिताना टीममध्ये एक प्रश्न विचारा: ज्याला हा स्कोअर लागू होणार आहे, त्याला तो दिसणार आहे का? थांबण्याच्या मिनिटांचा कॉलम टेबलमध्ये असतोच. तो बिलात आणायचा की नाही, हा निर्णय अजून मीटिंग रूममध्येच होतो. तिथे आपल्यातलं कुणीतरी बसलेलं असतं.

१९६७ मध्ये कोर्टाने सांगितलं की कायद्याच्या चौकटीत धंदा कसा मांडायचा ते मालक ठरवू शकतो. त्यामुळे सगळं शेवटी त्या चौकटीवर येतं. ती चौकट २१ नोव्हेंबरला बदलली. तिच्यात काय भरायचं, याचे बरेचसे नियम राज्यांनी करायचे आहेत. महाराष्ट्राचे नियम येतील तेव्हा त्यात नुसता विमा आहे की थांबलेली चाळीस मिनिटंही आहेत, हे आपण सगळ्यांनी बघायला हवं.

तुमच्या ओळखीत कुणी अ‍ॅपवर टेम्पो, रिक्षा किंवा बाईक चालवत असेल, तर हा लेख त्यांना नक्की पाठवा. ई-श्रमची नोंदणी करताना कुठे अडलात तर कमेंटमध्ये विचारा, जमेल तेवढं उत्तर देईन.